कंठ दाटण्याआधीचा श्वास

देशाचा विवेक अजून जिवंत आहे, हे दादांचा कंठ दाटून आल्यावरून सिद्ध होत होतं. तिने कंठ दाटण्याआधीचा श्वास कापून टाकला आणि तुकडा पुन्हा ऐकला. आता विवेक जास्त जिवंत वाटत होता.

दादा म्हणजे वाहिनीवरचे राजकीय भाष्यकार. पंधरा वर्षांपूर्वी ते रेडिओवर सकाळी श्रोत्यांची पत्रं वाचायचे, आणि तेव्हाही त्यांचं ध्वनिसंपादन तीच करायची. पुढे पत्रं यायची थांबली, दादांनी दाढी वाढवली आणि राष्ट्राची काळजी करायला घेतली. तिने फक्त हेडफोन बदलले.

इतकी वर्षं एकाच माणसाचे श्वास कापले की त्याची नाडी न धरता कळते. दादांना मनापासून काही म्हणायचं असलं की ते म्हणून मोकळे होत. "चहात साखर नाही." "तो पंखा बंद करा." ठरवून म्हणायचं असलं की आधी छातीभर श्वास. गेल्या दोन वर्षांत राष्ट्राबद्दलचं एकही वाक्य श्वासाशिवाय आलं नव्हतं.

"आजचं रडू आलंय की आणलंय?" शेजारच्या टेबलावरून दृश्यसंपादकाने विचारलं.

"तू आलंय असं धरून चाल."

"मागच्या महिन्यात समोरच्या पक्षासाठी आलं होतं."

"डोळे तेच आहेत ना? मग झालं तर."

एरवी तिचं काही बिघडलं नसतं. पण एक पत्र होतं.

तिच्या वडिलांना फोनवर 'बरं, ठेवतो' यापलीकडे कधी काही सुचलं नाही. जे सुचलं ते त्यांनी दादांच्या रेडिओवरच्या कार्यक्रमाला लिहून पाठवलं, खाली नाव न घालता. मुलगी दूर असते, कामात असते. ती ऐकत असली तर तिला सांगा, तिच्या खोलीतल्या घड्याळाला मी रोज चावी देतो. पत्रांचा गठ्ठा लावतानाच तिने अक्षर ओळखलं आणि गप्प बसली. दादांनी ते वाचलं. 'चावी' या शब्दावर त्यांचा आवाज फुटला. ती जागा तिने कापली नाही, हातसुद्धा लावला नाही.

त्या रविवारी ती घरी जाणार होती. काम निघालं, म्हणून पुढच्या रविवारवर ढकललं. मधल्या बुधवारी वडील गेले.

त्यांच्यासाठी एक परका माणूस गलबलला आणि ते वडिलांनी स्वतः ऐकलं, एवढ्यावर तिने पंधरा वर्षं काढली होती. आता रोज दुपारी दादा तिच्या कानात गलबलत, आणि रोज त्या सकाळमधलं थोडं थोडं जात होतं.

दादा चेहऱ्यावरचा मेकअप पुसत आत आले.

"काय गं, कसं झालंय?"

"छान झालंय. दादा, एक विचारू? रेडिओवर तुम्ही एकदा एका वडिलांचं पत्र वाचलं होतंत. घड्याळाला चावी देणाऱ्या. तुमचा आवाज फुटला होता."

दादांचा हात गालावर थांबला. ते खरंच आठवत होते. तिने हेडफोन मानेवर ओढले. आज त्यांनी छातीभर श्वास घेऊन 'हो' म्हटलं असतं, तरी तिला चाललं असतं.

"अगं, सर्दी होती मला," दादा सरळ म्हणाले. "घसा पार बसला होता. आठवडाभर सगळं तसंच वाचलं, साबणाची जाहिरातसुद्धा. गोळ्या तूच नव्हत्यास का आणून दिल्या?"

कागदाचा बोळा टोपलीत टाकून ते जेवायला गेले.

दिल्या होत्या. दिवसातून तीन, जेवणानंतर.