रंधा न लावलेली कड

ठकीच्या लाळेऱ्यावर करडा डाग होता.

आई झाल्यापासून मला डाग ओळखता यायला लागले होते. पिवळा म्हणजे भोपळा, तपकिरी म्हणजे केळं. हा करडा कशातच बसत नव्हता.

"लादीवर लोळते दिवसभर, मळणारच," नवरा म्हणाला. "तू आता डागांवर पीएचडी कर."

मी हसले, पण लाळेरं धुवायला टाकलं नाही. दुसरं बांधलं आणि तिच्या मागे मागे फिरत राहिले. ठकीला दात येत होते. रांगत ती थेट खिडकीखालच्या बाकाशी गेली, कड धरून उभी राहिली आणि उंदरासारखी ती कड कुरतडायला लागली. तिची सगळ्यात आवडती जागा. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "आईचं काम लेकीला गोड लागतं हो."

मी घरांच्या आतली सजावट करते. आमच्या स्वतःच्या घरासाठी मी ठरवलं होतं, नवं झाड कापायचं नाही, परदेशी लाकूड आणायचं नाही. पाडलेल्या इमारतींमधून निघालेला, इथल्याच डोंगरातला जुना साग शोधायचा. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत मी जुन्या लाकडाची वखार पालथी घातली. फळ्यांवर टिचक्या मारून आवाज ऐकला, लोहचुंबक फिरवून खिळे शोधले. मागच्या कोपऱ्यात त्या फळ्या उभ्या होत्या. जड, घट्ट, वर चंदेरी करडी झाक, आणि रांगेनं पडलेले काळपट चौकोन. मी तिथंच भाळले.

"ताई, एक हात रंधा मारतो," सुतार म्हणाला होता. "आतून मधासारखा निघेल."

"रंधा लावायचा नाही. हा रंग यायला पन्नास वर्षं लागतात. नुसतं मेण घासा."

सुतारानं नवऱ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघता," नवरा म्हणाला, "या घरात मी भाडेकरू."

बाक झाला. आल्यागेल्याला मी ते चौकोन दाखवायची. फोटो काढून इंटरनेटवरच्या माझ्या कामाच्या पानावर टाकले, लोकांनी डोक्यावर घेतले.

त्या दुपारी ठकीला सासूबाईंकडे दिलं आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं कड पुसली. फडकं करडं झालं. घडी उलटून पुसली. पुन्हा करडं. तिसऱ्यांदाही तेच. जिथं तिचे दात लागले होते तिथलं मेण गेलं होतं, आणि तिथून सगळ्यात जास्त निघत होतं.

फडकं पिशवीत बांधून मी वखारीत गेले.

"मालात खोट नाही, मॅडम," वखारवाला म्हणाला. "अस्सल साग. पोखरलाय का कुठे?"

"आला कुठून ते सांगा."

"कारखाना पाडला ना पलीकडचा, त्याच्या माळ्याची लाकडी जमीन. गाड्यांच्या बॅटऱ्या बनायच्या तिथं. सगळा माळा त्यांनीच भरलेला असायचा."

चौकोन. रांगेनं. बॅटऱ्यांच्या बुडांचे. मी पिशवीतल्या फडक्याकडे पाहिलं. बॅटरीत शिसं असतं हे मला शाळेपासून माहीत होतं. घरी येऊन ठकीला आणि सासूबाईंना घेतलं आणि थेट दवाखाना गाठला.

मुलांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, लगेच रक्त घ्यायला लावलं. एवढासा हात, त्यात शीर सापडेना. ठकी आधी रडली, मग हुंदके देत माझ्याकडे बघत राहिली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"ती नेमकी तिथंच का जायची?" मी विचारलं.

"शिशाचे काही क्षार गोडसर लागतात," डॉक्टर म्हणाल्या. "मुलं परत परत जातात."

सासूबाईंनी खाली मान घातली.

अहवाल यायला वेळ होता. तोवर मी तिला नुसती बघत होते. कालच्यापेक्षा कमी खाल्लं का? हाक मारल्यावर वळायला उशीर केला का? परवा 'बाबाबा' करत होती, आज गप्प का? नवऱ्याच्या विनोदांनी घर सोडलं होतं. तो रोज दोनदा ओल्या फडक्यानं लादी पुसायचा आणि ते फडकं फेकून द्यायचा.

सुतार बाक काढायला आला. "आता तरी रंधा मारू? वरचा थर गेला की झालं."

"भुसा उडेल. तो घरभर जाईल, तुमच्याही छातीत जाईल. ओलं करा, खिळे उपसा, अख्ख्या फळ्या बाहेर."

"मला काय ठाऊक, ताई," तो म्हणाला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. त्या फळ्या त्यानंही उघड्या हातांनी घासल्या होत्या. मी त्याला साबण दिला, आणि डॉक्टरांचा नंबरही.

अहवाल आला. "आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण फार नाही. वेळेत थांबलंय. खाण्यात लोह वाढवा, घर ओलं पुसा. पुन्हा तपासू."

"म्हणजे तिला काही होणार नाही ना?"

"म्हणजे पुन्हा तपासू."

घरी आलो तर वखारवाल्याचा फोन. "मॅडम, फळ्या काढल्या म्हणे, सुतार सांगत होता. परत द्या की, पैसे देतो. एक बाई अगदी तसल्याच मागतायत, रंधा न लावलेल्या. तुमचे फोटो बघितलेत त्यांनी. मुलांच्या खोलीत लावायच्यात."

फळ्या गच्चीत, जाड प्लॅस्टिकमध्ये, दोरी आवळून बांधलेल्या होत्या.

"त्या कुणालाच द्यायच्या नाहीत," मी म्हणाले. "त्या माळ्याची एक फळीसुद्धा विकू नका, त्यात शिसं आहे. आणि त्या बाईंचा नंबर द्या."

"गिऱ्हाइकाचा नंबर कसा देऊ?"

"मग माझा त्यांना द्या. आत्ता. मी फोनजवळच बसलेय."

फोन ठेवला आणि आधी पानावरचे ते फोटो काढून टाकले. मग वळून पाहिलं. ठकी खिडकीखाली पोचली होती. बाक नव्हता. तिनं हातानं कड चाचपली, सापडेना. भिंतीला धरून उभी राहिली, तोंड पुढे केलं आणि भिंतीला लावलं.

मी तिला उचललं. भिंतीवर ओला ठसा राहिला होता. भिंतीच्या त्या रंगाचा डबा कुठला होता, त्यावर 'शिसं नाही' असं लिहिलं होतं का, काही केल्या आठवेना.