चोथ्यावरचं पाणी

बडोद्याच्या नागरवाड्यातल्या त्या घरात चहा दोनदा व्हायचा. पहिला ताज्या पत्तीचा, आलं-पुदिना घालून. तो सासरे तात्यासाहेब, नवरा बाळकृष्ण आणि आल्यागेल्यांचा. मग पातेल्यातल्या चोथ्यावर पाणी ओतून, उरलंसुरलं दूध घालून उकळायचा तो निरुपमाचा. असा नियम कुणी केला नव्हता. चांगल्या घरांत असले नियम करावेच लागत नाहीत. सून आपोआप शिकते आणि वर तिला समजूतदार म्हणतात. तात्यासाहेब गेले, बाळकृष्ण बँकेतून निवृत्त झाले, घरात फ्रिज आला, मोबाइल आला. चोथा काही गेला नाही.

मुलगा अनीश करजणच्या एका कारखान्यासाठी यंत्रं घ्यायला चीनला गेला आणि तिथंच राहिला. भाषाही शिकला. दोन हजार आठ साली होळी झाल्यावर त्यानं आईबाबांना बोलावून घेतलं. तिथल्या युनान प्रांताच्या डोंगरात चहाची शेकडो वर्षांची झाडं आहेत म्हणाला; झुडपं नव्हेत, वर चढून पानं खुडतात. निरुपमानं तेव्हाच मनाशी ठरवलं, तिथं एक कप आपल्यासाठी केलेला प्यायचा, बसून. साठीच्या बाईला एवढी इच्छासुद्धा कुणाजवळ बोलता आली नाही, यावरून काय ते ओळखा.

बाळकृष्णांनी सामानात थेपले, दुधाची पावडर आणि चहाचा मसाला भरायला लावला. परदेशात पोटाचे हाल नकोत.

डोंगरावर धुकं होतं. खोडांवर शेवाळ दाटलेलं, आणि उंच फांदीवर एक बाई गळ्यात झोळी अडकवून निवांत पानं खुडत होती. निरुपमा मान वर करून बघतच राहिली. मग अनीश त्यांना ओळखीच्या एका म्हातारीच्या लाकडी घरात घेऊन गेला.

म्हातारीनं चुलीपाशी बुटकी स्टुलं मांडली, झाकणाच्या भांड्यात पानं टाकली, वर कढत पाणी ओतलं आणि ते सगळं पाणी फेकून दिलं. त्याच पानांवर पुन्हा पाणी घातलं आणि चिमुकली वाटी भरून आधी निरुपमापुढे ठेवली.

निरुपमानं वाटीत डोकावून पाहिलं. एवढे डोंगर ओलांडून आलो, आणि इथंही चोथाच.

बाळकृष्णांनाही तेच दिसलं. फरक इतकाच, की त्यांचा अपमान झाला. "अनीश, पहिला चहा ओतून टाकून पाहुण्यांना चोथ्याचा देते ही?"

अनीश हसला. पहिल्या पाण्यानं पान धुतलं जातं, उमलतं, ते कुणीच पीत नाही, असं त्यानं समजावलं. खरी चव दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला. पुढं कितीतरी वेळा त्याच पानांवर चहा होतो.

"असं होय," बाळकृष्ण म्हणाले, पण पटलं नव्हतंच. "निरू, ऊठ. पावडर काढ आणि सगळ्यांना नीट उकळून चहा कर."

निरुपमानं वाटी ओठांना लावली. आधी कडू लागलं. मग घशातून हळूहळू गोडवा वर आला आणि तिथंच रेंगाळला. तिनं आणखी एक घोट घेतला.

"पावडर निळ्या बॅगेत आहे," ती म्हणाली. "मी चहा पितेय."

आभाळ कोसळलं नाही. बाळकृष्ण बाहेर गेले. त्यांनी बॅग उपसली, गार पाण्यात पावडर कालवली, तिच्या गुठळ्या झाल्या. थोड्या वेळानं हात पुसत परत आले आणि गपचूप स्टुलावर बसले. म्हातारीनं त्यांच्यापुढेही वाटी सरकवली.

"चोथ्याचा आहे हं," निरुपमा म्हणाली.

अनीशनं खिडकीकडे तोंड फिरवलं. बाळकृष्ण फुंकर मारून प्याले. म्हातारीनं किटली उचलली आणि पुन्हा आधी निरुपमाची वाटी भरली.

बडोद्यात आता चहा एकदाच होतो, दोघांचा. चोथा गुलाबाच्या कुंडीत जातो. गुलाब काही म्हणत नाही; समजूतदार आहे.