चॅटरूममध्ये अब्बा

वहिनीला सकाळी तासगावात मुलगी झाली, आणि ही बातमी मस्कतला असलेल्या माझ्या भावाला आपणच सांगायची, असं अब्बांनी ठरवून टाकलं. मुजीबच्या कामगार-कॅम्पातला फोन बंद पडलेला. पण दर शुक्रवारी, सुट्टीच्या संध्याकाळी, तो तिथल्या सायबर कॅफेत बसून माझ्याशी चॅटरूममध्ये बोलायचा, आणि नेमका तो शुक्रवारच होता. मग काय, बेदाण्याचा सौदा अर्धवट सोडून अब्बा माझ्यासोबत सांगलीच्या एसटीत बसले. कवलापूर येईपर्यंत कंडक्टरसकट सगळ्या गाडीला बातमी कळली होती.

नव्व्याण्णव साल होतं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, त्यामुळे जगातलं सगळं मला कळतं असा माझा समज. गाडीतच अब्बांना नियम पढवले. खरं नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. अब्बांनी निमूटपणे मान डोलावली. ते अशी मान डोलावतात तेव्हा मला धडकीच भरते.

सांगलीच्या सायबर कॅफेत मी 'महाराष्ट्र' नावाची रूम उघडली. मुजीब अजून आला नव्हता. एका बाजूला टोपणनावांची रांग, मध्ये इंग्रजी अक्षरांतली मराठी भराभर वर सरकत होती.

"एवढी माणसं बसल्यात," अब्बा म्हणाले, "आन् आपुन सलाम-नमस्कार न करता बसायचं व्हय गं?"

झालं. मला लिहावं लागलं: सगळ्यांना सलाम, मी निजाम, तासगाव, बेदाण्याचा व्यापारी, मस्कतच्या पोराची, मुजीबची, वाट बघतोय, त्याला आज मुलगी झाली. एवढ्यावर थांबले असते तर ते अब्बा कसले. नाईटकिंग नावाच्या एकाला त्यांनी गाव विचारलं. स्वीटीला विचारलं, जेवलीस का. नाईटकिंगनं लिहिलं, 'काका, ही चावडी नाही.' सगळी रूम हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि अब्बांचा असा राग आला की उठून निघूनच जावं. तेवढ्यात स्वीटीनं लिहिलं, 'नाही जेवले. मेसचा डबाच आला नाही.' अब्बा बराच वेळ तिच्यासाठी हळहळत बसले.

आणि लाइन तुटली. मुजीबची यायची वेळ झालेली, आणि मोडेम नुसता किरकिरतोय. तो येऊन, वाट बघून निघून गेला तर पुढच्या शुक्रवारपर्यंत गाठ नाही. त्याहून वाईट म्हणजे बातमी अख्ख्या रूमला ठाऊक. कुणीतरी पचकणारच, असं मी चिडून बोलूनही दाखवलं.

"न्हाई सांगायचं कुणी," अब्बा म्हणाले. "आपुन बोललोय की त्येंच्यासंगं."

किती भोळा माणूस, असं मनात म्हणत मी परत परत नंबर लावत राहिले. शेवटी एकदाची रूम उघडली. आमचं नाव दिसताच नाईटकिंगची ओळ आली.

'काका, आलात? पोरगा मघाशीच आलाय, बसवून ठेवलंय. आम्ही कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही सांगा.'

खाली मुजीब विचारत होता, घरी काय झालंय, कुणी बोलत का नाही.

मी कीबोर्डकडे हात नेला. अब्बांनी तो अलगद बाजूला केला. बेदाण्याच्या पेट्यांवर मार्का टाकून टाकून त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती. एका बोटानं ते एकेक अक्षर शोधायला लागले. इतका वेळ धावणारा पडदा थांबला होता. एवढी माणसं, पण एकानंही मध्ये ओळ टाकली नाही.

'मुलगी झाली.'

मुजीबनं नुसतं 'अब्बा' एवढंच लिहिलं. मग सगळ्या रूमचं अभिनंदन असं धो धो आलं की वाचता वाचता मी हसत होते आणि रडतही होते. नाईटकिंगनं विचारलं, 'काका, नाव काय ठेवणार?'

अब्बांनी डोळे पुसले. "लिही," ते मला म्हणाले, "त्यो मान तिच्या बापाचा. त्येला इचारा."

मी लिहिलं. आणि सगळी रूम पुन्हा थांबली, मुजीबसाठी.