उचललेला भंडारा

विजयदुर्गाच्या बंदरात बोट बंद पडली आणि ज्ञानदेवाला दिवाळीच झाली. इंजिनात काहीतरी बिघडलं होतं. उद्या सकाळपर्यंत बोट हलणार नाही, ज्यांना उतरायचं त्यांनी होडीतून किनाऱ्यावर जावं, असं खलाशी सांगून गेला. बाकीचे उतारू कपाळाला हात लावून बसले. कुणाला लग्न गाठायचं होतं, कुणाची आई अंथरुणावर होती. हा गडी मात्र पायजमा वर खोचून सगळ्यांच्या आधी होडीत.

"चल गं कस्तुरे! आयता एक दिवस वाढला. कंपनीत असा दिवस मिळतो व्हय?"

खोटं कशाला बोला, कस्तुरालाही आधी बरंच वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिची दुनिया केवढी? माहेर निघोजे, सासर पिंपरी. नवरा कारखान्यात तीन पाळ्यांचा धनी. तो जागा तेव्हा ही झोपलेली, ही जागी तेव्हा तो घोरत. त्यात घरात पोर नाही. एकमेकांशी बोलायला निमित्त लागायचं, आणि बहुतेक वेळा ते निमित्त मीठ नाहीतर रॉकेल असायचं. असा माणूस गेल्या आठवड्यात आपणहून म्हणाला, "चल, मुंबईवरनं बोटीनं मालवणला जाऊ. तुला समुद्र दाखवतो." बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नळावरच्या रांगेत तिनं दहा जणींना सांगितलं.

तेव्हा सकाळ मोठ्या मजेत गेली. किल्ल्याच्या तटावरून चक्कर झाली. लाट आली की ती लुगडं सावरत ओरडायची आणि तो पोटभर हसायचा. दुपारी रुक्मिणीबाईंच्या खाणावळीत बांगड्याचं कालवण आणि भात हाणून दोघं माडाखाली चटईवर आली. ज्ञानदेव उशाला टॉवेल घेऊन पसरला. कस्तुरा पाय लांब करून बसली. मुद्दाम काही करायचं नाही असा दिवस तिनं जन्मात पाहिला नव्हता.

पण बाईचं मन गप बसतंय होय? एक दिवस वाढला म्हणजे परतायलाही एक दिवस उशीर, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती ताठ झाली.

"अहो, पुढल्या गुरुवारी तुमचा नंबर हाय न्हवं? चुकंल की!"

नंबर होता कारखान्याच्या गेटवर बसायचा. त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा जयसिंग तिथं पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. मशीन बिघडलंय म्हणून तो आठवडाभर ओरडत होता, कुणी लक्ष दिलं नाही, आणि शेवटी त्याच मशीननं त्याची दोन बोटं खाल्ली. वर कंपनीनं चूक त्याचीच म्हणून त्याला घरी बसवलं. तेव्हापासून गेटसमोर मांडव घालून साखळी उपोषण चाललं होतं. रोज एकानं दिवसभर उपाशी बसायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं. कुणी कच खाऊ नये म्हणून सगळ्यांनी खंडोबाच्या देवळात जाऊन भंडारा उचलला होता. भंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर देव त्या घराचा पिच्छा सोडत नाही, असं पिंपरीकडं म्हणतात, आणि नुसतं म्हणत नाहीत, मानतात. कुणाच्या घरी देवाचं कारण निघालं, तरच नंबर माफ. देवापुढची शपथ, तर सूटही देवासाठीच.

"कशाला डोकं खातीस?" ज्ञानदेव डोळे न उघडता म्हणाला. "झोप जरा."

"झोप कसली? हितनं यष्टी असंल. माघारी जाऊ. मालवण काय पळून चाललंय? जयसिंगच्या शालनबाईला काय तोंड दाखवू मी?"

ती उठून पिशवी भरायलाच लागली. तेव्हा तो कुशीवर वळला, आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन हसला.

"अगं बये, पुढल्या गुरुवारी न्हाई. माझा नंबर आज हाय."

कस्तुराचा हात पिशवीतच राहिला.

"आज? आणि तुमी हितं?"

"मग? गेटवर बसतो त्याचं नाव साहेब लिहून घेतोय. दिवाळीनंतर मला चार्जहँड करणार हायती, धा माणसं हाताखाली. दुसऱ्याच्या बोटांपायी मी माझ्या पोटावर पाय देऊ?"

"आन् भंडारा?"

"भंडारा कुठं मोडला? माफी घेऊनच आलोय. देवाचं कारण सांगितलं."

"कुठल्या देवाचं?"

इथं तरी माणसानं जीभ आवरावी! पण बांगडा पोटात गेलेला, वारा सुटलेला, आणि बायको म्हणजे आपलीच.

"सांगितलं की, मंडळींनी पोरासाठी कोकणातल्या देवीला नवस बोललाय. आत्ता न्हाई फेडला तर फळ न्हाई मिळायचं. म्हातारा धोंडीबा तर रडलाच. म्हणला, जा बाबा, तुझ्या जागी मी दुसऱ्यांदा बसतो."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कस्तुराची गेली. म्हणून निघताना शालनबाईनं खण-नारळ दिला होता! "ओटीत घाला, ताई," म्हणाली होती आणि डोळे पुसले होते. कस्तुराला वाटलं होतं, समुद्राला वाहायला दिलाय. अहो, नवरा घरी बसलेला, डबे रिकामे, आणि त्या बाईनं हिच्या न झालेल्या पोरासाठी नारळ आणला. आणि हिनं तो मुंबईत धक्क्यावर हसत हसत पाण्यात भिरकावला होता.

"माझं पोर," ती म्हणाली. "माझ्या पोटात जे दुखतं ते तुमी गेटवर नेऊन विकलं?"

"हळू बोल. लोकं बघत्यात."

"बघू द्यात! मला वाटलं, माणसाला माया आली. बायकोला समुद्र दाखवतोय! आन् मी मेली नळावर मिरवून आले. त्या बायका माझ्याकडं बघून का गप झाल्या, ते आत्ता कळतंय."

"झालं का तुझं? बस खाली. उद्या बोट सुटंल."

"तुमी जावा बोटीनं. मी घरी चालले."

ज्ञानदेव खदखदून हसला. "एकटी? तुला पाट्या तरी वाचता येत्यात का?"

"तोंड हाय मला," कस्तुरा म्हणाली. "विचारीन."

तो पुन्हा आडवा झाला. दमली की येईल परत, असा त्याचा हिशोब. रुक्मिणीबाईंनी खाणावळीच्या दारातून सगळं ऐकलं होतं. त्या चपला घालून तिच्याबरोबर स्टँडपर्यंत आल्या. "गाडी इली बाय, बेगीन चढ," म्हणाल्या, आणि कंडक्टरला बजावून तिला कोल्हापूरच्या गाडीत बसवलं. घाट चढताना शेजारच्या बाईनं विचारलं, कोण वारलं का? कस्तुरा म्हणाली, न्हाई, अजून जिता हाय.

कोल्हापूर, पुणे, पिंपरी. दुसऱ्या दिवशी ती घरी न जाता सरळ गेटवर उतरली. मांडवात धोंडीबा भिंतीला टेकून बसला होता, दोन दिवसांच्या उपासानं तोंड सुकलेलं. ज्याचा नंबर होता तो तापानं पडला म्हणून म्हातारा उठलाच नव्हता. जयसिंग आणि शालनबाई त्याच्याजवळ होती. पहिली पाळी सुटून माणसं बाहेर पडत होती.

"ताई! एवढ्यात आलात? नवस फिटला का?" शालनबाईनं विचारलं.

"मी नवस बोललेच नव्हते," कस्तुरा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माझ्या मालकानं खोटं सांगितलं. भंडारा मोडला आमच्या घरानं. धोंडीबा, तुमी उठा. आता मी बसते."

कुजबुज झाली. बाईमाणूस कसं बसणार, कंपनीत तर नाव नाही. धोंडीबानं एवढंच विचारलं, "सकाळपासनं काय खाल्लंयस का, पोरी?" ती नाही म्हणाली. म्हातारा भिंत धरून उठला आणि त्यानं तिला जागा दिली.

तिसऱ्या दिवशी ज्ञानदेव आला. घराला कुलूप बघून चाळीतच त्याला सगळं कळलं होतं. तोंड उन्हानं रापलेलं, हातात मालवणी खाज्याचा पुडा. कस्तुरा अजून तिथंच होती, ओठ फुटलेले.

"चल घरी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "माझी अब्रू घालवलीस तेवढी पुरे."

"तुमी लोकास्नी सांगितलं, मी नवस बोलले," ती म्हणाली. "आता बोललेय. काल हितं बसून, ह्या सगळ्यांच्या देखत. चारचौघांत भंडाऱ्याची माफी मागून तुमी माझ्या जागी बसंपर्यंत देवानं माझ्या पोटी पोर घालू नये. तुमचं पोर."

ज्ञानदेवानं हसून बघितलं. बरोबरीनं हसायला कुणी सापडेना. गेटपाशी साहेबाचा माणूस वही घेऊन उभा होता, आणि ज्ञानदेवाची नजर आधी तिकडंच गेली. कस्तुरानं ती जाताना पाहिली. मग तिनं त्याच्याकडं पाठ केली आणि शालनबाईकडं घोटभर पाणी मागितलं.