मिठावरचा पहारा

आमचे थोरले दीर बंदरात क्रेन चालवत. अंगाने चांगले आडवे. शिडी चढताना त्यांना धाप लागे, पण एकदा वर बसले की भलीमोठी पेटी अशी अलगद खाली ठेवत की बघत राहावं. एका वर्षी कंपनीच्या तपासणीत त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या तपासणीपर्यंत उतरला नाही तर क्रेन बंद, असं साहेबांनी बजावलं.

झालं! जाऊबाईंनी मीठ कुलपात टाकलं. आमचं घर एकत्र, त्यामुळे आळणी जेवण सगळ्यांच्याच नशिबी आलं. घास घशाखाली उतरावा म्हणून त्या भाजीत लोण्याचा गोळा सोडत, वर काहीतरी गोड वाढत. तरी दाब चढलेलाच.

मग त्यांना संशय आला. दीर कामावरून आले की जाऊबाई आधी त्यांचे खिसे चाचपत, मग बोटं हुंगत.

"अहो, खारे दाणे खाल्लेत ना?"

"तुझी शपथ, नाही."

"माझीच बरी सापडते शपथेला! गोळ्या तरी गिळता की खिडकीतून फेकता?"

मलाही त्यांनी कामाला लावलं. "दुपारी बंदरावर जाऊन ये गं. कोणाच्या डब्यात हात घालतात ते बघ."

मी गेले. भावोजी एकटेच बसून घरचा डबा मुकाट संपवत होते. हे सांगितलं, तर जाऊबाई माझ्याकडेच रोखून बघायला लागल्या. "तुलाही फितवलं वाटतं त्यांनी!"

शेवटी त्या नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेल्या, साक्षीला मी. "हे चोरून खारट खातात," त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

बाईंनी आधी वजन केलं. ते आणखी वाढलं होतं.

"मीठ कमी केलंत ते चांगलंच. पण जेवणाला चव कशाने आणता?"

"लोण्याने! हात आखडत नाही मी."

बाई हसल्या नाहीत. "चरबी नुसती पडून राहत नाही. ती लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते, ते रक्तातून मेंदूत जातं. 'आता पुरे खाणं' हा त्याचा निरोप जाड माणसाचा मेंदू ऐकेनासा होतो. पण त्याच लेप्टिनमुळे मेंदू रक्तवाहिन्यांना आणि मूत्रपिंडांना डिवचत राहतो, आणि दाब चढतो. यांनी चोरी केलीच असेल असं नाही."

"ऐकलंस?" दीर म्हणाले.

पुढच्या तपासणीत दाब चढलेलाच निघाला आणि क्रेन गेलीच. त्यांना खाली गोदामात बसवलं. घरातलं लोणी बंद झालं, रोजचं चालणं सुरू झालं. वजन हळूहळू उतरलं, गोळ्याही लागू पडल्या आणि त्यांना क्रेन परत मिळाली.

पण तोवर संशयाने घर बदललं होतं. ताट समोर आलं की भावोजी भाजी बोटाने उलटसुलट करून बघत आणि मला हळूच विचारत, "हिने आज काय काढून घेतलंय गं?"