गुडघे बांधून बसलेला नरसिंह

दसऱ्याला पोथी उघडायची आणि पानापानावरच्या देवाला कुंकवाचं बोट लावायचं, हा लंकाबाईंच्या सासरचा रिवाज. मखमलाबादच्या मळ्यात झेंडूची तोडणी कितीही अंगावर आलेली असो, पोथी कधी चुकली नाही. तिच्यात देवांची चित्रं आणि कोणता देव कोणत्या योगासनात बसतो त्याचं वर्णन. लंकाबाईंचा जीव नरसिंहावर. सासरे ओट्यावर पाठीमागून गुडघ्यांना उपरणं बांधून बसायचे, अगदी तसाच तो बसलेला.

यंदा दसऱ्याआधी नाशकातल्या एका संस्थेतून जुन्या पोथ्यांचे फोटो काढणारी शुभांगी आली. तिने नरसिंहाचं पान उजेडात धरलं.

"मावशी, कुंकवानं याचा चेहरा खाल्लाय. असंच चाललं तर गुडघेही जातील."

लंकाबाईंना त्या दिवशी घास गोड लागला नाही. म्हणजे आपणच आपला देव झिजवला. कुंकू लावावं तर देव जातो, न लावावं तर रिवाज मोडतो. इकडे आड, तिकडे विहीर.

"मी छापील प्रत करून देते, कुंकू तिला लावा," असं सांगून गेलेली शुभांगी आठवड्याने परतली. बिचारीने कंप्युटरवर खपून एकूण एक डाग काढला होता, नरसिंहाला नवंकोरं तोंडही दिलं होतं.

"देखणा हाय," लंकाबाई म्हणाल्या. "पण हा आमचा नाय. आमच्या देवाच्या तोंडावर सासूबाईंचं बोट हाय, त्यांच्या सासूचं हाय."

शुभांगीचं तोंड एवढंसं झालं. पण पोर गुणाची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती डागांसकट प्रत घेऊन हजर झाली.

देव्हाऱ्यातला चांदीचा टाक झिजला की नवा टाक आधी जुन्याला भेटवतात, मगच पूजेला लावतात. दसऱ्याला लंकाबाईंनी तशीच प्रत नरसिंहाच्या पानाला भेटवली. मग कुंकवाचं बोट प्रतीवर टेकवलं, नेमकं सासूबाईंच्या डागावर. त्यांना फार बरं वाटलं.

सवयीने बोट पुन्हा कुंकवात बुडून जुन्या पानाकडे निघालं आणि अर्ध्यात थांबलं. लंकाबाई स्वतःशीच हसल्या. पोथी लाल फडक्यात बांधताना देवाला म्हणाल्या, "लय वर्षं सोसलंस बाबा. आता बस निवांत, ओट्यावरच्या आमच्या म्हाताऱ्यावानी."