दार क्रमांक एकशे त्रेचाळीस

ताईच्या कॉलेजात संख्याशास्त्राचं एक प्रोजेक्ट होतं. वसाहतीतली दोनशे ऐंशी घरं, त्यातली चाळीस निवडायची आणि दर घरी एकाच माणसाला एकच प्रश्न विचारायचा. काल घराबाहेरच्या किती जणांशी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललात?

घरं आपल्या मर्जीनं निवडायची नाहीत. सरांनी चिठ्ठी काढली, तीन आला. मग तीन, दहा, सतरा, असं दर सातवं दार. घरात विचारायचं कुणाला, तेही आपण ठरवायचं नाही. पंधरा वर्षांवरच्या ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला, त्यालाच. नाहीतर म्हणे घरातला बडबड्याच पुढे येतो आणि सगळी उत्तरं त्याचीच होतात.

ताईला अनोळखी दारात उभं राहायचं म्हटलं की घाम फुटतो. मला म्हणाली, "तू जा ना. तुला कुठे काय काम असतं?"

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. दीड वर्षापूर्वी गणिताच्या बाईंनी माझी उत्तरपत्रिका अख्ख्या वर्गापुढे वाचून दाखवली. मी ती हिसकावून तिचे चार तुकडे केले आणि परत शाळेचं तोंड पाहिलं नाही. तेव्हापासून दिवसभर घरात मी आणि पंखा. बाबा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर, आई कारखान्यात, ताई कॉलेजात. मैत्रिणी आधी फोन करायच्या. पण त्यांचं सांगून झालं की माझ्याकडे सांगायला काहीच नसायचं. हळूहळू फोन बंद झाले.

यादी हातात घेतली आणि डोळा थेट एका आकड्यावर गेला. एकशे त्रेचाळीस. आमचंच दार! आणि माझा सोळावा वाढदिवस नुकताच झालेला, बारा तारखेला. आईनं शिफ्टला जाताना गालावरून हात फिरवला, बाबांचा फोन आला. ताईची चाचणी होती, ती विसरली. विसरू दे. घरात सगळ्यात अलीकडचा माझाच होता ना? म्हणजे आमच्या दारात ताईला मलाच विचारावं लागणार. नुसती वाट बघत राहिले.

बाकीची एकोणचाळीस दारं मी केली. अडतीस नंबरच्या काकूंनी विचारलं, "भाजीवाल्याशी भांडले ते धरायचं का गं?"

"पाच मिनिटं भांडलात?"

"चांगली वीस!"

"मग धरायचं."

सहासष्ट नंबरला दोनदा कुलूप. शेजारच्या घरी विचारून मोकळं व्हायचं नाही, तीनदा जायचंच, असा नियम. तिसऱ्यांदा गेले तर एका म्हाताऱ्या घड्याळवाल्यानं दार उघडलं. एकटाच राहणारा, त्यामुळे वाढदिवस विचारायची भानगड नव्हती.

"काल? कुणाशीच नाही," तो म्हणाला.

"शून्य लिहू?"

"आज तू आलीस की."

"आजचं चालत नाही काका. कालचंच."

"मग उद्या ये. उद्या एक सांगेन." मग मनगटाकडे बघून म्हणाला, "पण पाच मिनिटांच्या वर हवं ना? अजून दोन कमी आहेत."

थांबले मग. त्यानं मला एक जुनं घड्याळ दाखवलं, दिवसाला चार मिनिटं मागे पडणारं. "दुरुस्त का नाही करत?" म्हटलं, तर म्हणाला, "घाई कुणाला आहे?" मी हसले. बऱ्याच दिवसांनी स्वतःचं हसू ऐकलं आणि कसंतरीच वाटलं. मग शून्य लिहून निघाले.

दुसऱ्या दिवशी ताई जमिनीवर कागद पसरून, कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती. मला बघून ओरडली, "झालं! सरासरी तीन पूर्णांक चार!"

"चाळीस झाले?"

"झाले की."

मी गठ्ठा चाळला. एकशे त्रेचाळीस. वय वीस, विद्यार्थिनी, उत्तर अकरा. तिचंच अक्षर.

डोकं सटकलं माझं. "हे काय आहे?"

"अगं, आपलंच घर आहे. त्यात विचारायचं काय?"

"मी सहासष्टला तीन चकरा मारल्या! आणि तू इथे बसल्या बसल्या लिहिलंस?"

"ओरडतेस काय? एका कागदानं काय आभाळ कोसळतंय?"

"सगळ्यात शेवटी वाढदिवस कुणाचा झाला? सांग. तूच शिकवलंस ना मला?"

ती बोटांवर मोजायला लागली. "माझा तर केव्हाच झाला. मग बाबा, मग आई, मग..." बोट तिथेच थांबलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"बाराला," ती हळूच म्हणाली.

"बाहेर जा," मी म्हणाले. "दार वाजव. सगळ्यांना विचारलंय तसं विचार."

मला वाटलं, हसेल. नाही हसली. कोरा कागद घेऊन चपला घालून बाहेर गेली. मी दार लावून घेतलं. ती बाहेर, मी आत, मध्ये लाकडाची एक फळी. बेल वाजली. मी उघडलं.

"नमस्कार," ताई म्हणाली. तिला खरंच घाम फुटला होता. "मी कॉलेजातून आलेय. काल घराबाहेरच्या किती जणांशी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललात?"

माझ्या जिभेवर शून्य तयारच होतं. कित्येक दिवस तेच तर घेऊन बसले होते, तिच्या तोंडावर फेकायला. पण मागे पडणारं ते घड्याळ आठवलं. आणि नियम म्हणजे नियम.

"एक," मी म्हणाले.

"कोण?"

"नाव विचारायचं नसतं."

तिनं मान डोलावली. गुडघ्यावर कागद ठेवून एक लिहिला. मग पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. पुढचा प्रश्न कागदावर नव्हता. ती तशीच दारात उभी राहिली आणि मीही दार लावलं नाही.